पिस्तूल नेमबाजीचं सामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर एक डिटेल, म्हणजे नेमबाजांची एक पाळी, संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या वेळात जे प्रश्न हमखास कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे आवडीनिवडीही माझ्याच. मी दहा मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात केली आणि पुढे धावतपळत खेळायच्या, म्हणजे प्रॅक्टिकल नेमबाजीकडे वळलो. या दोन्हीकडची माणसं एकमेकांना थोडी हसतात. मी दोन्हीकडे हसून घेतलं आहे. जिथे नियमांचे आकडे दिले आहेत तिथे स्पर्धेआधी ताजं नियमपुस्तक उघडून बघा. परवाना आणि कायदा ज्या त्या देशाचा वेगळा, त्यात इथे शिरलेलो नाही.

पॅरिसमध्ये तो तुर्की नेमबाज खिशात हात घालून उभा राहिला आणि रौप्यपदक घेऊन गेला. मग एवढं सामान लागतं कशाला?

युसुफ दिकेच. २०२४ च्या ऑलिम्पिकमधला तो फोटो जगभर फिरला आणि तेव्हापासून प्रत्येक नवशिक्या हा प्रश्न विचारतोच. फोटोत काय दिसत नाही, ते आधी सांगतो. कानात त्याने इअरप्लग घातले होते. हातात होतं ते स्पर्धेचंच एअर पिस्तूल, जत्रेतलं नव्हे. आणि ते त्याचं पाचवं ऑलिम्पिक होतं. खिशातला हात ही बेफिकिरी नाही. एका हाताने नेम धरायच्या प्रकारात रिकामा हात लोंबकळत ठेवला तर खांदा डुलतो, म्हणून जवळजवळ सगळेच तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात.

त्याच ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाच्या किम येजीचा फोटोही तितकाच गाजला. तिच्या चष्म्यावर एका डोळ्यासमोर आयरिस होता आणि दुसऱ्यासमोर पडदी. आयरिस म्हणजे कॅमेऱ्यासारखं लहानमोठं करता येणारं भोक. ते लहान केलं की साईट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) आणि टार्गेट दोन्ही थोडी जास्त स्पष्ट दिसतात, पण प्रकाश कमी होतो. दुसऱ्या डोळ्यासमोरची पडदी तो डोळा मिटावा लागू नये म्हणून असते. एक डोळा तासभर आवळून धरला की चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि उघड्या डोळ्यालाही त्रास होतो. दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो, त्याला पडदी लागत नाही. तुम्हाला लागते की नाही, हे तुमचे डोळे ठरवतील. फोटो नव्हे.

पदकं दोघांनाही रौप्यच मिळाली, म्हणून वाद मिटला नाही.

अजून पिस्तूलच घेतलेलं नाही. आधी काय घेऊ?

कान आणि डोळे. ९ मि.मी. पिस्तुलाचा आवाज १५५ ते १६५ डेसिबलच्या घरात जातो आणि अचानक होणाऱ्या आवाजासाठी धोक्याची रेषा १४० ला मानतात. बंदिस्त रेंजवर कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही घाला. इलेक्ट्रॉनिक मफ आता जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर दिसतात आणि या एका फॅशनला माझा मनापासून पाठिंबा आहे, कारण रेंज अधिकाऱ्याची आज्ञा ऐकू येते. ऐकू न आल्यामुळे मफ उचलून बघणारा माणूस आणि शेजारच्याच्या गोळीचा आवाज यांची गाठ मी अनेकदा पडताना पाहिली आहे.

चष्मा कडेने बंद असलेला घ्या. गरम पुंगळी कपाळावर आपटून चष्म्याच्या आत घसरली की माणूस हातातलं भरलेलं पिस्तूल विसरून नाचायला लागतो. त्याचसाठी डोक्यावर पुढे झुकलेली टोपी.

आणि हात धुवा. बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोपीत, शिशाचं संयुग असतं, ते बोटांवर आणि कपड्यांवर बसतं. रेंजवर खाणं नको, घरी आल्यावर ते कपडे वेगळे टाका.

रेड डॉट घ्यावा का? जुने लोक म्हणतात ती फसवणूक आहे.

रेड डॉट म्हणजे काचेवर लाल ठिपका दाखवणारी साईट. जुने लोक हे १९९० च्या आसपासही म्हणत होते, जेव्हा प्रॅक्टिकलच्या ओपन गटातल्या (जिथे सामानावर फारशी बंधनं नसतात) पिस्तुलांवर नळकांड्याएवढे डॉट चढायला लागले. त्याआधी १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने पहिला इलेक्ट्रॉनिक डॉट आणला होता, म्हणजे ही नवलाई पन्नाशीची झाली. बदललं ते आकारमान. डॉट इतका लहान झाला की तो थेट स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, बसायला लागला, मग पिस्तुलं कारखान्यातूनच त्यासाठी खाच पाडून यायला लागली. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या संघटनेने २०१६ च्या सुमारास कॅरी ऑप्टिक्स हा डॉटवाल्या पिस्तुलांचा विभाग प्रयोग म्हणून सुरू केला आणि आज तो त्यांच्या सर्वांत गर्दीच्या विभागांपैकी एक आहे.

डॉटचा खरा फायदा वेगाचा नाही, डोळ्याचा आहे. साध्या साईटमध्ये तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ बघू शकतो, म्हणून नजर माशीवर ठेवायची आणि टार्गेट धूसर सोडायचं. हे शिकायला महिने जातात. चाळिशी उलटली की माशीच धूसर होते, मग शिकलेलंही उपयोगी पडत नाही. डॉटमध्ये नजर टार्गेटवर ठेवायची, ठिपका आपोआप त्यावर तरंगतो. पन्नाशीतल्या ज्या माणसाने खेळ सोडायचं ठरवलं होतं, तो डॉट लावून पुन्हा पोरांना हरवायला लागतो, तेव्हा फसवणूक वगैरे शब्द गळ्यात अडकतात.

ठिपक्याचा आकार एमओए या कोनाच्या मापात सांगतात. एक एमओए म्हणजे २५ मीटरवर साधारण ७ मि.मी. म्हणजे ३ एमओएचा ठिपका तिथे २२ मि.मी. झाकतो आणि ६ चा ४४. जवळच्या, वेगाच्या खेळाला मोठा ठिपका पटकन दिसतो, लांबच्या सावकाश खेळाला लहान बरा. बहुतेक लोक उजेड फार वाढवून ठेवतात. ठिपका फुलासारखा फुलला असेल तर दोन पायऱ्या कमी करा.

आयएसएसएफ या जागतिक नेमबाजी संघटनेच्या पिस्तूल प्रकारांत, म्हणजे ऑलिम्पिकच्या वाटेवर, डॉट चालत नाही. तिकडे जायचं असेल तर माशीशी मैत्री करावीच लागेल.

डॉट लावला, पण पिस्तूल वर आणल्यावर ठिपका सापडतच नाही.

सगळ्यांचं हेच होतं. साध्या साईटवर पकड थोडी चुकली तरी खाच आणि माशी दिसत राहतात, त्यामुळे चूक नकळत सुधारली जाते. डॉट मात्र काचेतून नाहीसाच होतो आणि माणूस पिस्तूल गोल गोल फिरवत त्याला शोधत बसतो. बहुतेक वेळा नळी वर उठलेली असते आणि ठिपका काचेच्या वरच्या कडेबाहेर गेलेला असतो. म्हणजे डॉटने तुमची पकड बिघडवली नाही, ती आधीपासूनच बिघडलेली होती हे दाखवून दिलं.

उपाय घरच्या घरी: पिस्तूल रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. भिंतीवरच्या एका खुणेकडे बघा, डोळे मिटा, पिस्तूल नेमावर आणा, मग डोळे उघडा. ठिपका नसेल तर मनगट किती वाकवावं लागलं ते लक्षात ठेवा. दुसरा प्रकार, काचेच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारा. एका डोळ्याला ठिपका दिसतो, दुसऱ्याला टार्गेट, मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. पट्टी लावूनही नेम लागत असेल तर तुम्ही टार्गेटकडे बघत आहात. लागत नसेल तर ठिपक्याकडे.

माझा ठिपका गोल दिसत नाही, स्वल्पविरामासारखा दिसतो. डॉट खराब निघाला?

फोनने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल असेल तर डॉट चांगला आहे, तुमच्या डोळ्यात अॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे वक्रतेतला दोष, आहे. चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

उघडा एमिटर की बंद?

उघड्यात दिवा आणि काच यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे पावसाचा थेंब, धूळ किंवा पुंगळीतली काजळी बसली की ठिपका फुटतो किंवा जातो. बंद एमिटर डबीत असतो, काच पुसली की झालं. कल सध्या बंद एमिटरकडे आहे. कोरड्या, छताखालच्या रेंजवर खेळणाऱ्याने उघडा असलेला बदलायची घाई करू नये.

मी जास्त डॉट पाहिले ते स्क्रू सैल होऊन निकामी झालेले. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक), घट्ट करायला टॉर्क पाना, आणि स्क्रूच्या डोक्यापासून बाजूच्या धातूवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. माझी स्वतःची रेघ एकदा मॅचच्या तिसऱ्या स्टेजनंतर तुटलेली सापडली. तोवर मी शेजाऱ्याला सांगत होतो की आज गोळ्यांची बॅच वाईट आहे.

ट्रिगर किती हलका असावा?

नियम जिथे आकडा देतो तिथे आकड्याच्या किंचित वर. दहा मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम लागतात, २५ मीटरच्या .२२ पिस्तुलांना १,००० ग्रॅम. तपासणी वजन टांगून होते: नळी उभी धरतात, ट्रिगरला वजन अडकवून उचलतात, आणि चाप सुटला तर पिस्तूल नापास. बरोबर ५०० वर लावून आलेले लोक तापमान बदललं किंवा स्प्रिंग बसली की रडतात. ५१५-५२० वर ठेवा आणि झोप घ्या.

प्रॅक्टिकलवाल्यांमध्ये ट्रिगर बदलण्याचं वेड आहे. नवं पिस्तूल डबीतून निघायच्या आत त्याला नव्या स्प्रिंगा, नवा हॅमर, चकचकीत लाल ट्रिगर. काही वेळा त्याने खरंच फरक पडतो. पण हलका ट्रिगर तुमच्या हाताचा झटका लपवतो, घालवत नाही. खात्री करायची असेल तर मित्राला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी काडतूस मिसळायला सांगा. गोळी न सुटता नळी खाली झुकली, तर नवा ट्रिगर घेऊन तुम्ही फक्त हलक्या हाताने झुकायला शिकाल. माझ्या मते वजनापेक्षा सुटण्याची जागा महत्त्वाची. दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच दाबाला सुटणारा जरा जड ट्रिगरही बोटाला पाठ होतो. कधी इथे कधी तिथे सुटणारा हलका ट्रिगर कधीच पाठ होत नाही.

हलका करताना आणखी एक. सेफ्टीच्या भागांना कानस लावणाऱ्याजवळ मी उभा राहत नाही.

एअर पिस्तुलाच्या लाकडी मुठीला लोक पुट्टी का थापतात? नवी मूठ तर हाताच्या मापाचीच असते ना?

मापाची म्हणजे लहान, मध्यम, मोठी. तुमच्या हाताची नव्हे. मला या खेळात सगळ्यांत आवडलेलं काम हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूठ हातात धरून डोळे मिटा, हात वर न्या, दहा सेकंद थांबा, डोळे उघडा. माशी खाचेच्या मधोमध असायला हवी. डावीकडे असेल तर मूठ हाताला डावीकडे ढकलते आहे, आणि तुम्ही साठ शॉट मनगटाने तिला परत ओढत राहणार. आता तळव्याला मार्करची शाई किंवा पावडर लावा आणि मूठ पकडा. जिथे डाग लागला नाही तिथे पोकळी. जिथे गडद लागला तिथे उंचवटा. पोकळीत लाकडाची पुट्टी भरायची, उंचवटा पॉलिश पेपरने उतरवायचा, एका वेळी केसभर. मग आठवडाभर त्याच मुठीने सराव, आणि पुन्हा शाई. तळहाताखालचा आधार, म्हणजे पाम शेल्फ, इतकाच घट्ट की हात आत घालता येतो पण सैल पडत नाही. तो आवळून ठेवला की वीस मिनिटांत बोटं थरथरतात.

पहिल्या मुठीत मी इतकं खरवडलं की अंगठ्याजवळ लाकूड आरपार दिसायला लागलं. ती अजून कपाटात आहे.

मूठ मनगटाला वेढता कामा नये, आणि पिस्तूल ४२० × २०० × ५० मि.मी.च्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १,५०० ग्रॅमच्या आत. पुट्टीच्या भरात पेटी विसरून स्पर्धेला जाणारे दर वर्षी भेटतात.

सगळे अचानक जड पिस्तुलं का घेत आहेत? मध्यंतरी तर प्लास्टिकच चांगलं म्हणत होते.

खिशात किंवा कमरेला दिवसभर वागवायचं असेल तर हलकं चांगलं. ग्लॉक १७ रिकामं असताना पाऊण किलोच्या आत येतं. पण मॅचमध्ये पिस्तूल वागवायचं नसतं, गोळी सुटल्यावर ते जागच्या जागी परत यायला हवं असतं. धक्का तेवढाच असला तर जड वस्तू कमी हलते. म्हणून २०१६ मध्ये आलेल्या सीझेड शॅडो २ सारखी, सव्वा किलोच्या वरची पोलादी पिस्तुलं प्रॉडक्शनच्या, म्हणजे कारखान्यातून आलेल्या पिस्तुलांच्या विभागाच्या, रांगांत दिसायला लागली. दुहेरी रांगेच्या मॅगझिनची, १९११ नावाच्या जुन्या पिस्तुलाच्या वंशातली ‘२०११’ नावाची पिस्तुलंही त्याच वाटेने आली.

धक्का गोळीवरही ठरतो. प्रॅक्टिकलमध्ये गोळीचं वजन (ग्रेनमध्ये) गुणिले वेग (फूट प्रति सेकंद) भागिले १,००० याला पॉवर फॅक्टर म्हणतात, आणि मायनर या सौम्य काडतुसांच्या वर्गासाठी किमान १२५ लागतो. ११५ ग्रेनची गोळी १,१५० च्या वेगाने गेली तर १३२.२५. १४७ ग्रेनची ९०० ने गेली तर १३२.३. कागदावर सारख्याच, पण हाताला पहिली टोचते, दुसरी ढकलते. अनेकांना ढकलणारी आवडते. मला टोचणारीच बरी वाटते, कारण स्लाइड लवकर परत येते.

कंपेन्सेटर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा छिद्रांचा तुकडा? तो बाहेर पडणाऱ्या वायूवर चालतो. ओपनच्या जोरकस काडतुसांत वायू भरपूर, तिथे नळी खरंच सपाट राहते. साध्या ९ मि.मी. मायनरमध्ये फायदा थोडा आणि शेजाऱ्याच्या कानाला त्रास पुरेपूर.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवर भरवसा ठेवावा?

सुटणं काचेसारखं स्वच्छ असतं आणि वायू वाया न घालवता ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करता येतो. पण यंत्र कुठलंही असो, नेमकं नको तेव्हा बिघडू शकतं. टोकियोत पात्रता फेरीच्या मध्यात मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, त्यात नेमाची लय एकदा तुटली की घड्याळ माणसाला मागे लागल्यासारखं पळतं. तीन वर्षांनी पॅरिसला तिनेच दोन कांस्यपदकं आणली. इलेक्ट्रॉनिक असो वा यांत्रिक, सरावात एकदा तरी मुद्दाम मध्येच थांबा, दहा मिनिटं पिस्तूल खाली ठेवा आणि उरलेले शॉट उरलेल्या वेळात मारा.

हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघा. बहुतेकांची मुदत १० वर्षांची असते आणि ती संपलेली असेल तर स्पर्धेत जबाबदारी तुमचीच.

होल्स्टर कुठला?

ट्रिगर पूर्ण झाकणारा, कडक, पट्ट्यावर न हलणारा. नुसत्या कड्यावर पिस्तूल अडकवणारे रेस होल्स्टर पहिल्या वर्षात नकोत. पट्टा स्वस्तातला घेऊन होल्स्टर महागडा घेणारे फार.

सेन्सर, अॅप, लेझर यांतलं घरच्या सरावाला काय उपयोगी?

स्कॅटसारखी यंत्रणा नळीची वाटचाल पडद्यावर रेघेने दाखवते. शॉट सुटायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात रेघ कुठे गेली ते बघून बोलती बंद. एकदा तरी बघावं असंच आहे ते. पण रोज बघणारे हळूहळू रेघेसाठी खेळायला लागतात.

मला विचाराल तर प्रॅक्टिकलसाठी शॉट टायमर, म्हणजे गोळ्यांची वेळ नोंदवणारं घड्याळ. तिथे गुण भागिले सेकंद असा हिशेब असतो. १२ शॉटच्या स्टेजवर सगळे ए (टार्गेटचा पाच गुणांचा भाग) मारले, ६० गुण, १० सेकंद लागले तर ६.० हिट फॅक्टर. दुसऱ्याने मायनरमध्ये दोन सी (तीन गुणांचा भाग) मारले, म्हणजे ५६ गुण, पण ८.५ सेकंदांत आटोपलं, तर ६.५९. हे गणित अंगात भिनलं की कुठे थांबायचं आणि कुठे सुटायचं ते कळतं. कुठलाही डॉट ते शिकवत नाही.

.२२ रिमफायर पिस्तूल रिकामं चालवू नका, निर्मात्याने चालतं असं लिहिलं नसेल तर. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिला खड्डा पाडू शकते.

क्लबात मला ‘गेमर’ म्हणून हिणवतात. मनावर घेऊ?

गेमर म्हणजे नुसती मॅच जिंकायला सामान सजवणारा. हे भांडण खेळाइतकंच जुनं आहे. प्रॅक्टिकल नेमबाजीची जागतिक संघटना आयपीएससी १९७६ मध्ये अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबियाला स्थापन झाली, जेफ कूपर पहिला अध्यक्ष. हेतू व्यवहारातल्या पिस्तुलाचा होता. पण जिथे घड्याळ आणि निकालपत्र आलं तिथे स्पर्धकांनी नळीला कंपेन्सेटर लावले, मॅगझिनच्या तोंडाला नरसाळी लावली, होल्स्टर उघडे केले. याला कंटाळलेल्यांनी १९९६ मध्ये आयडीपीए ही वेगळी संघटना काढली, रोजच्या वापरातल्या सामानासाठी. पुढे तिनेही डॉटसाठी विभाग उघडला. म्हणजे आजचं गेमरचं खेळणं उद्या सगळ्यांच्या कमरेला दिसतं. उभं राहायची पद्धतही तशीच आली: जॅक वीव्हरची तिरकी पकड एकेकाळी धर्म होती, १९८० च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस यांनी दोन्ही हात सरळ ताणून मॅच जिंकल्या आणि धर्म बदलला.

ऑलिम्पिक प्रकारवाले या सगळ्यांकडे ‘आरडाओरडा’ म्हणून बघतात, आणि प्रॅक्टिकलवाले त्यांना ‘पुतळे’ म्हणतात. पुतळ्यांना दहा मीटरवर साडेअकरा मि.मी.चा दहाचा गोल एका हाताने साठ वेळा गाठायचा असतो. मी एकदा आमच्या क्लबातल्या सगळ्यांत वेगवान ओपनवाल्याला एअर पिस्तूल दिलं. पाच शॉटनंतर त्याने ते हळूच टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “याचा ट्रिगर कुणी बदललाय का?”

पेलेट किंवा काडतुसांचा ब्रँड कसा ठरवायचा?

तुमच्या नळीला विचारून. पिस्तूल शिकंजात बांधा, एकेका डबीचे दहा-दहा शॉट मारा, भोकांचा घोळका मोजा. एअर पेलेटचं डोकं ४.४८ ते ४.५२ मि.मी. अशा बारीक फरकांत मिळतं, आणि एका नळीला आवडलेलं माप शेजारच्याच मॉडेलच्या दुसऱ्या नळीला आवडत नाही. आवडलं की त्याच लॉटचे जमतील तेवढे घ्या. .२२ मध्ये तर आधी हे बघा की अडकत नाही ना. २५ मीटर रॅपिड फायरमध्ये सर्वांत वेगाच्या मालिकेत पाच टार्गेटांना चार सेकंद असतात, तिथे पुंगळी अडकली की नेमाचा प्रश्नच उरत नाही.

बॅगेत नेहमी काय असावं?

डॉटची बॅटरी, तीही बदलायला डॉट काढावा लागतो की नाही हे घरी तपासून. अॅलन की, सगळ्या मापांच्या, कारण लागते ती नेमकी दोऱ्याने बांधलेल्या जुडग्यात नसते. काच पुसायचं मऊ फडकं, नळी साफ करायची दोरी, चिकटपट्टी, पातळ मार्कर, बोटाला लावायचं प्लास्टर. एअरवाल्यांनी थोडी पुट्टी आणि पॉलिश पेपरचा तुकडा. सपाट तळव्याचे, घोट्याच्या हाडाखाली संपणारे बूट, कारण आयएसएसएफमध्ये पिस्तुलाला घोटा झाकणारे चालत नाहीत. घाम पुसायला टॉवेल. आणि इअरप्लगची एक जादा जोडी, जी तुम्हाला कधीच लागत नाही आणि प्रत्येक मॅचला कुणीतरी मागतंच.